कुरामोचीची पाठवणी

कुरामोची पहिल्यांदा माझ्या खानावळीत आला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि त्याच्या अंगात पातळसा कोट. ओठ निळे पडलेले. दार सरकवून तो उंबऱ्यातच कमरेत वाकला आणि म्हणाला, "तुम्हाला त्रास देतोय, माफ करा. आत बसलो तर चालेल का?"

"खानावळ आहे ही," मी म्हटलं. "लोकांनी आत बसावं म्हणूनच काढली आहे."

तरी तो दाराजवळच्या, वारं लागणाऱ्या खुर्चीवरच टेकला. स्टोव्हजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्या कुणाच्या तरी ठरलेल्या असतील असं त्याला वाटलं. मी त्याला दंडाला धरून स्टोव्हजवळ आणून बसवलं, पुढ्यात भाजलेला बांगडा आणि भाताचा वाडगा ठेवला. त्यानं तीनदा माफी मागितली आणि चार वाडगे भात खाल्ला. माणूस कसा आहे ते मला त्याच दिवशी कळलं होतं, त्यामुळं पुढं जे घडलं त्याचं मला नवल वाटायला नको होतं. पण वाटलं, आणि संतापही आला.

माझं नाव फुसाए. नागिउराच्या स्टेडियमच्या मागच्या दारासमोर माझी खानावळ आहे. मागच्या दारासमोर असल्यामुळं खेळाडू मैदानात कसे दिसतात यापेक्षा भुकेले कसे दिसतात ते मला जास्त ठाऊक. माझा नवरा कुनिझो क्लबच्या समर्थकांचा मुख्य ढोलवाला. घरात त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, त्याची भरपाई तो स्टँडमध्ये करतो.

त्या वेळी आमचा क्लब अगदीच लहान होता. खेळाडू सकाळी कुठंतरी नोकरी करायचे आणि दुपारी सराव. क्लबचे अध्यक्ष इसोगाई यांचा माशाच्या वड्यांचा कारखाना आहे, म्हणून बरीचशी पोरं तिथंच कामाला असायची. माशाचा पांढरा लगदा लाकडी फळीवर सुरीनं लिंपायचा, वर गोल घुमट आणायचा आणि वाफवायचा, हे ते काम. दिसायला सोपं, करायला महाकठीण. बाकीच्या पोरांनी खोकी भरायचं काम मागून घेतलं. कुरामोचीला कुणी विचारलंच नाही, म्हणून तो लगद्याशी जाऊन उभा राहिला. त्याच्या पहिल्या वड्या बसक्या चपलांसारख्या झाल्या होत्या. इसोगाईंनी त्या फेकून दिल्या नाहीत. घरी नेऊन महिनाभर स्वतः खाल्ल्या, आणि "चव मात्र छान आहे हं" असं रोज त्याला सांगत राहिले. आमचे अध्यक्षही असलेच. स्टेडियमच्या संडासातला एक नळ गळला म्हणून हा माणूस मध्यंतरात मैदानाच्या मधोमध उभा राहून चारही स्टँडना वाकून माफी मागून आलेला आहे.

दूर दक्षिणेकडच्या एहिमेच्या संत्र्याच्या बागांमधला हा मुलगा. एका मोठ्या क्लबच्या तरुण संघातून त्याला काढून टाकलं होतं. पुरेसा वेगवान नाही, असं कारण दिलं होतं. खरंच नव्हता. उंची बेताची, पाय किंचित फेंगडे. खेळायचा मधल्या फळीत. तो नक्की काय करतो, हे पहिल्या वर्षी आम्हाला कुणाला कळलंच नाही. चेंडू आला की घ्यायचा आणि जो मोकळा असेल त्याला द्यायचा, बस्स. मग एका सामन्यात तो आजारी पडला आणि सगळा संघ कढी सांडल्यासारखा मैदानभर पसरला. त्या दिवशी कुनिझो घरी येऊन म्हणाला, "फुसाए, तो मुलगा काय करतो ते मला आज कळलं. तो नसला की काय होतं ते बघायचं."

गोल म्हणाल तर त्यानं सगळ्या कारकिर्दीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके केले. त्यातला एक त्याच्या पाठीला लागून आत गेला. स्टेडियम नाचत असताना हा समोरच्या गोलकीपरकडं गेला आणि वाकून म्हणाला, "माफ करा, माझं लक्ष नव्हतं." गोलकीपरही बिचारा वाकला. असे दोघं गोलसमोर वाकून उभे, आणि वरून आमचा ढोल. तो फोटो अजून न्हाव्याच्या दुकानात लावलेला आहे.

हळूहळू कुरामोची नावाचं वेड गावाला लागलं. वृद्धाश्रमातल्या आजीबाई लोकरी जाकिटावरून त्याची सहा नंबरची जर्सी चढवून सामन्याला यायला लागल्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "सहा नंबर पडला का?" "नाही पडला." "जेवला असेल ना?" एवढंच त्यांचं समालोचन. दातांच्या डॉक्टरांकडं त्याचं पोस्टर, पोलीस चौकीत त्याचं पोस्टर. शेतावरच्या बायका त्याला मुळे आणून द्यायच्या. आता आमच्याकडं कुणी काही दिलं की परत काहीतरी दिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून तो मुळ्याच्या बदल्यात वड्या द्यायचा. वड्या मिळाल्या म्हणून ती बाई पर्सिमनची फळं पाठवायची, पर्सिमन आली म्हणून हा पुन्हा वड्या. अर्ध्या गावाशी त्याचं असं देणंघेणं चालू होतं आणि ते कधीही संपण्याची चिन्हं नव्हती.

मार्चमध्ये सामने सुरू होतात तेव्हा आमच्या मैदानावर बर्फ असतो. गावातली माणसं फावडी घेऊन तो काढतात. खेळाडूंनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची असते. कुरामोची सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन हजर. मी एकदा खडसावलं, "अरे, दुपारी तुला पळायचंय!"

"काकू, पळून दमतो ते पायांनी," तो म्हणाला. "हे तर हातांचं काम आहे."

ज्या वर्षी आम्ही वरच्या विभागात गेलो, त्या वर्षीचा शेवटचा सामना मी खानावळ बंद करून पाहिला. बरोबरी होऊन चालणार नव्हती. सामना संपत आलेला, पाऊस, चिखल, आणि चेंडू कुराच्या, म्हणजे आमच्या कुरामोचीच्या, पायात. समोर गोल दिसत होता. सगळं स्टेडियम "मार!" म्हणून ओरडत होतं, आजीबाईसुद्धा. त्यानं मान वर करून पाहिलं आणि डावीकडं पास दिला. माझ्या तोंडून शिवी गेली. पण तिथं आमच्या संघातला नवा, अठरा वर्षांचा पोरगा एकटाच उभा होता. त्यानं नुसता पाय लावला. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडत होते. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कुराला आमच्या बंदराच्या प्रथेप्रमाणं आख्खा बुरी मासा मिळाला, लहान मुलाएवढा लांब. तो त्यानं माझ्या स्वयंपाकघरात आणून कापून घेतला आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकेक तुकडा वाटला. शेवटी त्याच्यासाठी शेपटी उरली. ती मी मीठ लावून भाजून दिली, आणि माझी देवाशपथ, एवढ्या आनंदानं शेपटी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

एकदा मोठ्या शहरातल्या क्लबचा सुटातला माणूस त्याला न्यायला आला होता. माझ्याच खानावळीत बोलणी झाली. कुरानं सगळं ऐकून घेतलं, त्याला माझ्याकडचा सगळ्यात चांगला बांगडा खाऊ घातला, स्टेशनपर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन भांडी विसळायला लागला.

"मग?" मी विचारलं.

"नववर्षाच्या वड्यांचा हंगाम तोंडावर आलाय, काकू. कारखान्यात माणसं कमी आहेत."

मी तोंड फिरवून चुलीकडं पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

असा हा कुरामोची. वर्षामागून वर्षं गेली, त्याचे कल्ले पांढरे व्हायला लागले, आणि गेल्या हंगामात गुडघ्यानं हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, आता बास. त्यानं निवृत्ती जाहीर केली. गावात कुणी गेल्यासारखं सगळे हळू आवाजात बोलायला लागले. मी मात्र फारशी घाबरले नव्हते. खेळ थांबला तर थांबला, कारखाना आहेच, कुरा कुठं जातोय, असं माझं म्हणणं. सकाळी वड्या लिंपेल आणि दुपारी माझ्याकडं जेवेल.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तो आला आणि परत त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मला तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं समजलं.

"काकू, मी चाललो."

"कुठं?"

"तेच तर कळत नाहीये."

हळूहळू एकेक शब्द ओढून काढावा लागला. झालं होतं ते असं. सकाळी चहाच्या सुट्टीत इसोगाई त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुरामोची-सान, इतकी वर्षं आमच्यासाठी राबलात. आता वडिलांच्या संत्र्याच्या बागेकडं परतणार असाल. बरोबर आहे, तसंच व्हायला हवं." एवढं बोलताना त्यांचा आवाज कापत होता. कुराला वाटलं, अध्यक्ष आपल्याला हळुवारपणे सांगताहेत की आता कारखान्यात तुझी गरज नाही. म्हणून तो म्हणाला, "हो, तसंच म्हणायचं."

"तुझ्या वडिलांची बाग तर तुझ्या भावानं कधीच घेतली ना?" मी विचारलं.

"हो. त्याला चार मुलं आहेत. तिथं झोपायला जागासुद्धा नाही."

"मग तू हो का म्हणालास?"

"ते सांगत होते, काकू. मी मध्येच नाही कसं म्हणू?"

"तुला जायचंय का?"

त्यानं दोन्ही हातांनी चहाचा पेला धरला होता. "मला इथंच राहायचंय," तो म्हणाला, इतक्या हळू की स्टोव्हचा आवाज जास्त होता. "मरेपर्यंत." मग लगेच उठून वाकला. "पण कृपा करून कुणाला सांगू नका. अध्यक्षांची पंचाईत होईल."

मी तेव्हाच कारखान्यात जाऊन बोंब मारणार होते. पण त्यानं शब्द घेतला. आणि शब्द मागताना तो माझ्या खानावळीच्या फरशीवर गुडघे टेकून बसला, दुखऱ्या गुडघ्यासकट. काय करणार? दिला शब्द.

दोनच दिवसांनी शेवटच्या सामन्यानंतर निरोपाचा कार्यक्रम झाला. इसोगाईंनी माइक घेतला आणि भरल्या स्टेडियमसमोर सांगितलं की आमचा लाडका सहा नंबर आता आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या सेवेसाठी गावी परततोय. सगळं स्टेडियम हमसून हमसून रडलं. कुराही रडला, आणि त्याचं रडणं पाहून लोकांना वाटलं, बघा, वडिलांवर किती माया!

मग सुरू झाल्या भेटी. निघणाऱ्या माणसाला रिकाम्या हातानं कोण सोडतं? सुकवलेले मासे, लोकरीचं पांघरूण, लाल रंगाची नवी सूटकेस, आजीबाईंनी विणलेले मोजे, दातांच्या डॉक्टरांकडून दातांचे ब्रश. प्रत्येक भेट आली की कुरा अजून थोडा खोल गाळात जायचा. ज्यानं आपल्याला सूटकेस दिली त्याला "मी कुठंच चाललो नाही" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? कुनिझोनं तर स्टँडमध्ये लावतात तसला लांबलचक फलक रंगवायला घेतला. मी त्याला नुसतं म्हटलं, "कशाला एवढी घाई? कदाचित नसेल जायचं त्याला."

"काहीतरीच तुझं," तो ब्रश झटकत म्हणाला. "स्वतःच्या आईबापाकडं कोण जाणार नाही?"

मी दात खाऊन गप्प बसले. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी कधी गप्प बसलेले नाही. कुनिझोनं मला बरं नाही असं समजून रात्री पातळ भात शिजवला.

पाठवणीच्या आदल्या दिवशी इसोगाई माझ्याकडं आले. एकटेच. बांगडा मागवला आणि त्याला हात न लावता बसून राहिले.

"अध्यक्षसाहेब, थंड होतंय," मी म्हटलं.

"फुसाए-सान, तुम्हाला म्हणून सांगतो. त्याच्यासारखं लिंपणारा हात माझ्या कारखान्यात दुसरा नाही. मला तर वाटत होतं, माझ्यानंतर कारखानाच त्याच्या हातात द्यावा. मला मूलबाळ नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग तसं त्याला सांगत का नाही?"

"छे! सांगितलं की तो थांबेल. तो कुणाला नाही म्हणू शकतो का? माझ्या स्वार्थासाठी त्याला त्याच्या माणसांपासून तोडू? म्हणून तर मीच आधी बागेचा विषय काढला. त्याला निघणं सोपं जावं."

मी शब्द दिलेला होता. तरी जितकं करता आलं तितकं केलं. "अध्यक्षसाहेब, त्याला विचारून तर बघा!" असं मी टेबलावर हात आपटून म्हटलं. इसोगाईंनी माझ्याकडं मोठ्या करुणेनं पाहिलं. "तुम्हालाही त्याची फार सवय झालीय, नाही?" ते म्हणाले, डोळे पुसले आणि थंड बांगडा सगळा संपवून गेले. मी त्या संध्याकाळी एक पातेलं उगाचच तीनदा घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खं नागिउरा स्टेशनवर. बर्फ भुरभुरत होता. आजीबाईंना खुर्च्या दिलेल्या. कुनिझोचा ढोल, त्याचा फलक, "सुखी राहा, सहा नंबर!" कुराजवळ आता इतकं सामान झालं होतं की एकट्यानं ते उचलणं शक्य नव्हतं. पुढच्या मोठ्या स्टेशनावर गाडी बदलेपर्यंत कुणीतरी सोबत जावं असं ठरलं, आणि मी कुणाला बोलू न देता मासे आणि पांघरूण उचलून एका डब्याच्या त्या गाडीत चढले. सगळ्यांनी हात वर करून तीनदा जयघोष केला. स्टँडमधून टाकतात तशा रंगीत कागदी फितींचा नुसता पाऊस पडला. इसोगाई फलाटाच्या टोकाला एकटेच उभे होते, कमरेत काटकोनात वाकून. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. कुराही दारात तसाच वाकलेला. त्याच्या डोक्यावर एक पिवळी फीत लोंबत होती.

गाडी वळली. मी त्याला खेचून बाकावर बसवलं.

"तिकीट दाखव."

"कशाला, काकू?"

"दाखव म्हणते ना!"

त्यानं दाखवलं. तिकीट होतं पुढच्याच स्टेशनाचं, इवानोहामाचं. म्हणजे जिथं कोळणींशिवाय कुणी उतरत नाही आणि जिथून आमच्या गावाची धुराडीसुद्धा दिसतात.

"आणि इवानोहामाला काय आहे रे? संत्री?"

त्याचे कान लाल झाले. "अंधार पडेपर्यंत तिथं बसून राहीन म्हटलं. मग हळूच चालत परत."

"आणि मग?"

"सकाळी नेहमीसारखा कारखान्यात जाऊन उभा राहीन. कामाची इतकी गर्दी आहे की कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही."

मी इतकी हसले की डब्यातली एकुलती एक म्हातारी जागी झाली. मग रडले. मग त्याला असं झापलं की गाडीच्या चालकानं आरशातून मागं पाहिलं. "लक्षात येणार नाही? न्हाव्याच्या भिंतीवर तू, दवाखान्यात तू, पोलीस चौकीत तू! आख्ख्या गावानं तुझ्यासाठी मोजे विणले आणि तू चोरासारखा मागच्या वाटेनं घुसणार? ऐक. काल इसोगाई माझ्याकडं येऊन रडून गेले. त्यांना तू हवा आहेस. तुझी जायची सोय व्हावी म्हणून त्यांनी ती बाग काढली, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू हो म्हणालास. दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?"

त्यानं डोक्यावरची पिवळी फीत ओढून काढली. "अध्यक्ष... रडले?"

"बांगडा थंड होईपर्यंत."

आमचा मार्ग एकेरी रुळांचा. इवानोहामाला दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींसाठी थांबतात. समोर परतीची गाडी उभी होती. मी मासे उचलले, पांघरूण उचललं आणि उतरले. मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्या लाल सूटकेसच्या चाकांचा आवाज माझ्यामागून येऊ लागला.

"काकू, सगळे अजून फलाटावरच असतील," तो गाडीत बसल्यावर म्हणाला.

"असणारच. फिती वेचल्याशिवाय कोण घरी जाईल?"

तसंच होतं. आमच्या क्लबची माणसं स्वतः केलेला कचरा स्वतः उचलून मगच जागा सोडतात, सामना हरलेला असो की जिंकलेला. गाडी नागिउराला लागली तेव्हा गाव ओणवं होऊन बर्फातून रंगीत कागद वेचत होतं. पोलीस, न्हावी, डॉक्टर, सगळे. पहिल्यांदा पाहिलं ते कुनिझोनं. अर्धवट गुंडाळलेला फलक त्याच्या हातातून निसटला आणि बर्फावर पुन्हा उलगडला, "सुखी राहा". एकेक जण सरळ होत गेला.

इसोगाई हातात कचऱ्याची पिशवी घेऊन पुढं आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सामानाकडं पाहिलं, कुराच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि त्या भल्या माणसानं आपल्या स्वभावाप्रमाणं त्याची अडचण दूर करायचा प्रयत्न केला.

"कुरामोची-सान... काही विसरलात का? छत्री असेल. छत्रीच राहिली असेल."

"छत्री शोधा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि लगेच सगळं गाव फलाटभर छत्री शोधायला लागलं. बाकांखाली, खांबांमागं, आजीबाईंच्या खुर्च्यांखाली. आता हा "हो, छत्री" म्हणणार, कुणीतरी स्वतःची छत्री आणून देणार, हा वाकून आभार मानणार आणि पुढची गाडी पकडणार. मी ओळखते त्याला. त्याचं तोंड तसं उघडलंही होतं.

मग त्यानं त्या सगळ्यांकडं पाहिलं, नसलेली छत्री शोधणाऱ्या. त्यानं सूटकेस खाली ठेवली. वाकला नाही. उभा राहिला सरळ, फेंगड्या पायांवर, आणि सराव संपवून आल्यावर म्हणावं तसं म्हणाला:

"आलो मी."

हे दोन शब्द आमच्याकडं माणूस फक्त स्वतःच्या घराच्या दारात उच्चारतो. दुसरीकडं कुठं नाही. आणि ते कानांवर पडले की आतल्या माणसानं, हात पिठात असोत की साबणात, उत्तर द्यायचंच असतं. त्याला विचार करावा लागत नाही, ते जन्मापासून अंगात मुरलेलं असतं. म्हणून विचार करायच्या आधीच पोलीस, न्हावी, डॉक्टर, खुर्च्यांवरच्या आजीबाई, माझा कुनिझो, बाकाखाली डोकं घातलेली माणसंसुद्धा, सगळं नागिउरा एका तोंडानं बोलून गेलं:

"आलास? ये!"

बोलून गेले आणि मग सगळ्यांना कळलं की आपण काय बोललो. एक आजीबाई फसकन हसली. कुनिझो ढोलाकडं धावला. फक्त इसोगाईंचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. ते ओठ घट्ट मिटून उभे होते. इतकी वर्षं त्यांनी कुराला "तुम्ही" सोडून दुसऱ्या शब्दानं कधी हाक मारली नव्हती.

"आलास होय रे," ते शेवटी म्हणाले. "ये. ये बाळा."

त्यांना हातातली पिशवी धरवेना. कुरानं ती त्यांच्या हातातून हळूच घेतली, आणि राहिलेल्या फिती आम्ही सगळ्यांनी मिळून वेचल्या.